आप्पा, तुम्ही बसा

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की पहिला दिवस नुसता बोलण्यात जातो. यंदा दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले.

भडगावच्या आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने ओटा आहे आणि ओट्यावर आप्पांची खुर्ची. भावाने दिवाळीत आणलेली. हात रुंद, पाठ मागे झुकणारी, गादी मऊ. आप्पा आता ७४ वर्षांचे आहेत, शेत बटाईने दिलंय. पहाटे साडेपाचला उठून ते गिरणेच्या पुलाकडे जाऊन येतात. पाऊण तासाची फेरी, एक दिवस खंड नाही. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. मी मोजत होते तो फेरीनंतरचा दिवस.

रात्री दहाला वही मिटली तेव्हा आकडा निघाला साडेअकरा तास, झोप सोडून. ओट्यावर, जेवायच्या टेबलाशी, टीव्हीपुढे, पुन्हा ओट्यावर. दिवसभरात खुर्चीतून उठले ९ वेळा, त्यातले ५ वेळा मोरीकडे जायला. चहा वहिनीने हातात दिला, पाणी हातात दिलं, पेपर नातीने आणला, गोळ्यांची डबी आईने. दहाव्यांदा ते अर्धवट उठले होते. भाऊ अंगणातल्या निंबाला पोरींसाठी झोका बांधत होता आणि गाठ चुकत होती. आप्पा खुर्चीच्या हातांवर भार देऊन वर आले, "थांब, मी बांधतो," म्हणाले. तेवढ्यात भाऊ, वहिनी आणि मी, तिघंही एकदम बोललो, "आप्पा, तुम्ही बसा." ते बसले. ते वाक्य त्या दिवसात ११ वेळा वहीत आलंय, त्यात दोनदा माझ्या तोंडून.

मी धुळे जिल्ह्यात एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिशीपुढच्या माणसांचा बीपी आणि शुगर तपासणं हे माझं रोजचं काम. समोरच्याला "चालत जा, बसून राहू नका" असं सांगायची जिभेला सवय झालेली. आणि घरी मी बापाला बसवत होते.

"काय मोजून राहिली, बाई?" आप्पांनी विचारलं.

"तुमचं बसणं."

"बसण्याचंही मोजमाप असतं?"

"असतं. साडेअकरा तास झाले."

त्यांनी वही बघितली, शांतपणे. मग म्हणाले, "डॉक्टरनं अर्धा तास चालायला सांगितलं, मी पाऊण तास चालतो. देणं फिटलं. उरलेला दिवस माझा."

इथून आमचं सुरू झालं आणि अखाजीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ते चाललं.

"आप्पा, आवर्तन सुटलं की तुम्ही रात्री दारं धरायला जायचे. पाटाला पाणी आलं आणि वाफ्याचं दारं फोडलंच नाही, तर?"

"पाणी तुंबेल. नाहीतर पाट फुटेल."

"जेवलं की रक्तात साखर येते ती अशी, पाटाच्या पाण्यासारखी. वाफे म्हणजे आपले स्नायू. सगळ्यांत मोठे वाफे मांड्यांचे आणि ढुंगणाचे. दारं उघडणारा गडी म्हणजे इन्सुलिन. वय झालं की त्या गड्याला दोन हाका माराव्या लागतात. पण स्नायू हलला, आखडला, सैल झाला, की काही दारं गड्याची वाट न बघता आपली आपण उघडतात. तुम्ही सकाळी पुलाकडे गेलात तेव्हा ती उघडली. त्याचा गुण पुढे काही तास राहतोही. पण तेव्हा पाटाला पाणी कुठे होतं? तुम्ही उपाशीपोटी होता. पाणी येतं न्याहारीनंतर, दुपारी एकला, रात्री आठला. नेमके तेव्हा तुम्ही खुर्चीत."

आप्पांना हे पटलं. पाण्याचा हिशेब त्यांना कधीच समजावावा लागत नाही. पण पटलं म्हणून ते हरले नाहीत.

"मग काय, जेवून लगेच पळू?"

"पळू नका. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये एक प्रयोग झाला. ४५ ते ६५ वयाची, वजन जास्त असलेली माणसं. एके दिवशी सलग बसवून ठेवली. दुसऱ्या दिवशी दर २० मिनिटांनी उठवून फक्त २ मिनिटं हळू चालवली. तेवढ्याने जेवणानंतरची साखर जवळपास पाव हिश्शाने कमी चढली. पुढच्या वर्षी अमेरिकेत साठीपुढच्या लोकांवर दुसरा प्रयोग झाला. लहानच होता, दहा जणांचा. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं आणि एकदाच ४५ मिनिटं चालणं, यांत रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणानंतर चालणाऱ्यांचीच जास्त आटोक्यात राहिली."

"म्हणजे शतपावली."

"शतपावलीच."

"आणि वामकुक्षी? तीही आपल्याच लोकांनी सांगितली ना? दुपारी डाव्या कुशीवर पडायचं. एक सोयीचं तेवढं उचलायचं आणि दुसरं टाकून द्यायचं, असं नाही चालणार."

मी म्हटलं, वामकुक्षी सांगणारी माणसं पहाटेपासून नांगरामागे चाललेली असायची. दुपारचं पडणं त्यांनी कमावलेलं होतं. आप्पांचा चेहरा बदलला. माझं वाक्य चुकीच्या जागी लागलं होतं.

"आणि मी नाही कमावलं?" ते म्हणाले. "वयाच्या बाराव्या वर्षी औत हाती घेतलं. रात्रीची लाईट असायची, दोनला उठून मोटर चालू करायला जायचो, थंडीत, साप-विंचवात. केळीचे घड खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणले. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर तीनदा पायी गेलो. या पायांनी किती कोस केले असतील याचा हिशेब आहे तुझ्या वहीत? पन्नास वर्षांचं चालणं जमा आहे माझं. आता त्यावर बसून खातो."

याला मी लगेच उत्तर दिलं नाही. या बोलण्यात जे आहे ते चूक नाही. आमच्याकडे म्हातारपणी बसायला मिळणं म्हणजे आयुष्य सुफळ झालं, अशी समजूत आहे. पाहुणा आला की पहिला शब्द "बसा". उभा राहतो तो गडी, बसतो तो मालक. पाट, चौरंग, लोड, तक्क्या, सगळी मानाची अवजारं बसायचीच. ज्याला सत्तरीतही निंदणीला जावं लागतं त्याच्याकडे गाव दयेने बघतं, आणि ज्याचा मुलगा म्हणतो "तुम्ही काही करू नका" त्याला नशीबवान म्हणतात. आप्पांची ती खुर्ची म्हणजे माझ्या भावाने बापाला जाहीरपणे दिलेला मान आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. "बसणं घातक आहे" असं मी म्हणते तेव्हा मी त्या मानावर बोट ठेवते. हे शहरातल्या डॉक्टरांच्या पत्रकात येत नाही, पण इथे औषध अडतं ते याच जागी.

तरी हिशेब चुकतो तो चुकतोच. मी म्हटलं, "आप्पा, भाव नसला की तुम्ही कापूस घरात भरून ठेवता. भाव येईपर्यंत टिकतो. चालणं तसं साठवता येत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला वीस वर्षांच्या पाच पोरांना तीन आठवडे गादीवर झोपवून ठेवलं, उठायचंच नाही. श्वासाची, हृदयाची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पन्नाशीचे होते. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं."

"वीस वर्षांची पोरं ती. भरून निघालं असेल."

"त्यांचं निघालं. म्हणून तर तुमची काळजी. सरासरी ६७ वयाच्या धडधाकट माणसांना दहा दिवस झोपवून पाहिलं, तर दोन्ही पायांचं मिळून जवळपास एक किलो मांस झडलं. दहा दिवसांत. पोळ्यानंतर तुम्ही तापाने पंधरा दिवस पडून होता. आठवतं, उठलात तेव्हा धोतर पोटरीवर कसं लोंबत होतं?"

आप्पांनी पायाकडे बघितलं. "ते परत आलंच नाही पूर्वीसारखं," म्हणाले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. उन्हं उतरली तरी ओटा तापलेलाच होता. त्या आठवड्यात पारा रोज ४४ च्या पुढे जात होता. त्या उन्हाचा मुद्दाही आप्पांनी काढला आणि तो मी मान्य केला. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने खानदेशातल्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर आरोग्यासाठी रस्त्यावर हिंडू नये. पण उठणं-बसणं, ओसरीतून मागच्या दारापर्यंत जाऊन येणं, याला उन्हाची आडकाठी नाही. त्यांच्या गुडघ्यांचंही तसंच. दुखतात म्हणून बसायचं आणि बसल्याने मांडीचा स्नायू झिजून आणखी दुखतात, हा फेरा मी रोज बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा तयारीत होते. रात्री विचार केलेला दिसत होता.

"बाई, एक सांग. माझा आजा दिवसभर पारावर बसायचा. त्याच्या बरोबरचे सगळे म्हातारे बसायचे. कुणाला शुगर नव्हती."

"कुणी तपासली होती?"

"नव्हती तपासली. पण गोड खाऊन, बसून, ऐंशी पार केली त्याने."

"त्याच्या बरोबरचे किती जण ऐंशीपर्यंत आले आणि किती पन्नाशीत गेले?" मी विचारलं. ते गप्प झाले, पण मलाही या उत्तराने समाधान नव्हतं. आजा बसायचा हे खरंच होतं. "तो कसा बसायचा?" मी पुन्हा विचारलं.

"कसा म्हणजे? उकिडवा. नाहीतर मांडी घालून. पाराला कुठली पाठ टेकायला?"

तिथेच उत्तर होतं. आफ्रिकेत टांझानियामध्ये हाडझा नावाचे लोक आहेत, अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. २०२० मध्ये संशोधकांनी त्यांच्या मांडीला यंत्रं बांधून मोजलं, तर तेही दिवसाचे जवळपास दहा तास विसावलेलेच निघाले. आपल्याइतकेच. पण त्यांचं हृदय आणि रक्त निरोगी. फरक बसण्याच्या तऱ्हेत सापडला. ते उकिडवे बसतात, गुडघे टेकतात, आणि त्या बसण्यात पायाचे स्नायू थोडे थोडे काम करत राहतात. खुर्चीत तेच स्नायू झोपी जातात. आजा पारावरून दिवसात वीस वेळा उठत असेल तर वीस वेळा स्वतःचं सगळं वजन जमिनीपासून उचलत होता. आपण जेवायला टेबल आणलं, संडासला कमोड आणला, निवडायला खुर्ची घेतली. एकेक गोष्ट सोयीची, गुडघ्यांसाठी कधी गरजेचीही. सगळ्या मिळून आपण म्हाताऱ्या माणसाचं जमिनीशी असलेलं नातं तोडलं. मला हे त्यांच्या आज्यामुळे कळलं, पुस्तकातून नव्हे. पुस्तकात हाडझा होते, पार नव्हता.

"आणि मी तर काटकुळा," आप्पा म्हणाले. "शुगर जाड्या माणसांना होते."

हे मी केंद्रात रोज ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट मी त्यांना सांगितली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन लांब पल्ल्याचे धावपटू. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाबद्दल लिहिलं होतं की सकाळी रुग्णालयात लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं, तेवढाच. आपली माणसं वरून बारीक आणि आतून चरबीची असू शकतात, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं जाऊन, अगदी पोटातल्या बाळापासून अभ्यासून दाखवलं. म्हणून पट्ट्याचं भोक न बदललेल्या माणसालाही तपासावं लागतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांपुढच्या दर शंभरात ११ जणांना मधुमेह आणि ३५ जणांना उच्च रक्तदाब निघाला. हे सगळे काही जाडे नाहीत.

आता आप्पांनी तो मुद्दा काढला ज्याला मी घाबरत होते.

"आपला सालदार आठवतो? जन्मात कधी बसला नाही तो. चालणं म्हणशील तर माझ्या दुप्पट. एकसष्टाव्या वर्षी बांधावर कोसळला, तिथेच गेला. हृदय. सांग, चालण्याने काय दिलं त्याला?"

तो माणूस मला लहानपणी खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचा. नोकरी लागल्यानंतर मी गावातल्या कितीतरी लोकांचा बीपी तपासला, त्याचा कधी तपासला नाही. तो कधी रिकामा सापडलाच नाही.

"त्याला चालण्याने काही दिलं नाही, आप्पा," मी म्हटलं. "डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला एक लाखाहून जास्त लोकांची नोंद ठेवून २०२१ मध्ये हेच निघालं. स्वतःच्या फुरसतीत हालचाल करणाऱ्यांचं हृदय वाचतं, आणि पोटासाठी दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांना उलट हृदयाचा त्रास जास्त होतो. कारण ओझं उचलताना रक्तदाब चढतो आणि तो तासन् तास उतरतच नाही. विसावा आपल्या हातात नसतो. दुखलं म्हणून थांबता येत नाही, उपचाराला जाता येत नाही. त्याला मी 'चाला' म्हटलं असतं तर ते पाप झालं असतं. त्याला बसवायला हवं होतं."

"मग तुझं शास्त्र माणूस बघून बदलतं."

"बदलायलाच पाहिजे."

आप्पांनी मान हलवली. मला वाटतं, त्या क्षणापासून ते माझ्याशी भांडत नव्हते, माझ्याबरोबर विचार करत होते. मीही त्यांना लपवाछपवी न करता सांगितलं. या सगळ्या विषयाचं मूळ लंडनच्या दुमजली बसमध्ये आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये दाखवलं की बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. "आपल्या एसटीलाही लागू पडेल," आप्पा म्हणाले, "गर्दीत कंडक्टर बसतो कुठे?" पण तीन वर्षांनी त्याच मॉरिसने गणवेशांची मापं काढून पाहिली, तर ड्रायव्हरांच्या विजारी आधीपासूनच कंबरेला जास्त रुंद होत्या. म्हणजे सगळा दोष बसण्याचा म्हणता येत नव्हता. आपल्याच शोधाला त्याने आपणच प्रश्न विचारला. स्वतः नव्याण्णव वर्षं जगला. पुढच्या सत्तर वर्षांत लाखो लोकांवर तपासून तपासून दिशा तीच निघाली. २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा एकत्र हिशेब झाला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांनी रोज तास-सव्वा तास चांगलं चालणं ठेवलं तर बसण्याने वाढलेला मृत्यूचा धोका पुसला जातो. टीव्हीपुढे पाच तासांहून जास्त बसणाऱ्यांचा मात्र तेवढ्यानेही पूर्ण पुसला जात नाही.

"आणि तुझ्या भावाच्या घड्याळातली दहा हजार पावलं?"

"तो आकडा औषधाचा नव्हे. १९६५ च्या सुमाराला जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं. सरासरी ७२ वयाच्या सोळा हजारांवर अमेरिकन बायकांच्या अभ्यासात दिवसाला ४४०० पावलांनीही फरक पडला, आणि साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. तुमची सकाळची फेरी त्यातला मोठा वाटा आहे. मला तुमच्याकडून पावलं नको आहेत. उठणं हवं आहे."

"उठून करू काय?" आप्पांचा आवाज पहिल्यांदा चढला. "काम सांग, उठतो. ठिबक आल्यापासून दारं धरायला नको. मोटर मोबाईलवरून चालू होते. गुरं विकली. घाण्याच्या बैलासारखा घरात फेऱ्या मारू?"

आई आतून हे ऐकत होती. हातातलं सूप तसंच घेऊन ती उंबऱ्यात आली.

"तुझ्या वहीत माझं पान आहे का ग?" तिने विचारलं.

नव्हतं.

"माझी शुगर दोन वर्षांपासून आहे, यांची नाही. तू मोजत बसली यांना." ती तिथेच उंबऱ्याशी टेकली. "सून आली तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. त्याआधी पहाटे सडा, मग गोठा, पाणी, भाकरी, शेतात न्याहारी, दुपारी निंदणी. उन्हाळ्यात पापड-शेवया. सून गुणाची निघाली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, आई तुम्ही बसा. वाईट असती तर मी अजून राबले असते. चांगली आहे म्हणून बसले."

वहिनी दाराआड उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझं नाही चुकलं," आई तिला म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, मावशी, रोज अर्धा तास चाला. कुठे चालू? आप्पा पुलाकडे निघाले तर फिरायला निघाले. मी निघाले तर चार ओट्यांवरून विचारतात, 'कुठे चालल्या?' काय सांगू? देवळात रोज किती वेळा जाऊ? कामाशिवाय रस्त्याने चालणारी बाई कुणी पाहिली आहे इथे?"

आयसीएमआरच्याच दुसऱ्या एका पाहणीत महाराष्ट्रही होता. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त माणसं पुरेशी हालचाल न करणारी निघाली आणि त्यात बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. तो आकडा मी प्रशिक्षणात ऐकलाय, दुसऱ्यांना शिकवलाय. त्यामागे "कुठे चालल्या?" हा प्रश्न उभा आहे हे माझ्या आईने सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग काय करू मी?" वहिनीने विचारलं. "आईंना भाकरी करायला लावू? लोक म्हणतील, सासूला राबवते. आप्पा उठून माठातलं पाणी घेतील तर पाहुणे म्हणतील, सून पाणीही देत नाही."

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे शास्त्र नाही. मला एवढंच वाटतं की राबवणं आणि हातात काम ठेवणं यांतला फरक घरातल्यांना कळतो. बाहेरच्यांना कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ सुनेला सोसावा लागतो. म्हणून हे सुनेने करायचं नाही, लेकीने आणि लेकाने बोलून दाखवायचं. भावाला मी त्याच रात्री सांगितलं, की चार माणसांत तूच म्हण, "आप्पांचं पाणी आप्पाच घेतात."

ठरलं ते फार थोडं. माठ ओट्यावरून उचलून मागच्या पडवीत ठेवायचा. पेपर घरी टाकायचा नाही, आप्पा नऊच्या आत चौकातून आणतील. दुपारी जेवल्यावर दहा मिनिटं ओसरीतून मागच्या दारापर्यंत, मग वामकुक्षी. तीवर आप्पा ठाम राहिले आणि मी हट्ट सोडला. संध्याकाळी टीव्ही लागला की प्रत्येक जाहिरातीला खुर्चीच्या हातांना न धरता उठायचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटांच्या चालण्याबरोबर पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगते, तो हाच. म्हातारा माणूस पडतो तो चालल्यामुळे कमी, मांडीत जोर न राहिल्यामुळे जास्त. छातीत भरून आलं, दम लागला, चक्कर आली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. आईला शुगरची गोळी आहे, तिने उपाशीपोटी लांब जायचं नाही, आणि अंगणातही अनवाणी नाही. पाय बधिर झालेल्याला काटा रुतलेला कळत नाही.

आईने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. उद्याचे मांडे ती करणार. खापर चुलीवर चढवून, उभी राहून, हातावर पसरवून. "सगळे नाही," ती म्हणाली, "घागरीच्या नैवेद्याचे तेवढे. बाकीचे सून करेल." चार वर्षं तिने ते केलेले नव्हते.

अखाजीच्या सकाळी मागच्या अंगणातून चुलीचा धूर येत होता. पोरी झोक्याशी भांडत होत्या. पाटली एका बाजूला कलत होती, भावाची गाठ सरकली होती. आप्पा चौकातून पेपर घेऊन येत होते. ते झोक्यापाशी थांबले, पेपर काखेत धरला, दोर ओढून पाहिला.

"वरची, फांदीवरची गाठ ठीक आहे," ते म्हणाले, "खालचीच चुकली."

मग त्यांनी पेपर नातीकडे दिला आणि झाडाखाली उकिडवे बसले. गुडघे वाजले, मला ऐकू आले. गाठ सोडायला वेळ लागला. दोर नायलॉनचा होता, निसरडा. त्यांनी तो दोनदा गुंडाळला, पाटलीच्या खाचेत बसवला, दातात धरून ओढला, हाताने पाटलीचा तोल पाहिला. भाऊ ओट्यावरून खाली उतरला होता, पण काही बोलला नाही.

उठताना त्यांना पहिल्या खेपेला जमलं नाही. ते परत टेकले. माझा हात पुढे गेला होता, तो मी तिथेच थांबवला. मी हाताच्या अंतरावर उभी राहिले. आप्पांनी निंबाच्या बुंध्याला तळवा लावला, एक पाय मागे घेतला, श्वास घेतला आणि वर आले.

"दुसऱ्या बाजूचा दोर दे इकडे," ते म्हणाले.